साळवे सरांची सारजा

शाळेच्या स्मरणिकेसाठी साळवे सरांवर चार चांगले शब्द लिहून द्या, असा निरोप मला गेल्या महिन्यात आला. निरोप घेऊन आलेले नवे मुख्याध्यापक वर म्हणाले, "तुमच्याइतकं त्यांना जवळून कुणीच पाहिलेलं नाही, निमसे सर." ते खरं आहे. सव्वीस वर्षं मी त्या माणसाला जवळून पाहत होतो. शेजाऱ्याच्या दारातल्या लगडलेल्या आंब्याकडे आपण पाहतो ना, तसं.

चार चांगले शब्द लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की एक वाईट शब्द आधी लिहिल्याशिवाय ते चार काही बाहेर पडणार नाहीत. तो शब्द म्हणजे मत्सर. मला साळवे सरांचा मत्सर वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटात दुखेपर्यंत. तेव्हा स्मरणिकेला मी चार ओळी दिल्या आणि उरलेलं इथं लिहितो आहे.

राहुरीजवळच्या मिशनच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागलो, तेव्हा शमुवेल साळवे तिथं सुतारकाम आणि हस्तकला शिकवत होते. मी एम. ए., ते जुनी अकरावी आणि वर सुतारकामाचा डिप्लोमा. हा फरक मी पहिल्याच दिवशी मनात नोंदवून ठेवला होता आणि तो त्यांच्या खिजगणतीतही नव्हता, ह्याचा मला पहिल्याच दिवशी राग आला. उंची बेताची, कानावर पेन्सिल, हाताला कायम सरसाचा वास. मी शिक्षक-खोलीत खुर्ची ओढून बसायला लागलो, तर म्हणाले, "जरा थांबा सर." खुर्ची उलटी केली, तिचे चारही पाय बोटाच्या पेरानं वाजवले, एकाला अंगठ्यानं दाबलं, आणि मग सरळ करून माझ्यापुढं ठेवली. "आता बसा. पडणार नाही."

ही त्यांची खोड जन्मभराची. कुणाच्याही घरी, लग्नाच्या मांडवात, अगदी बिशपसाहेबांच्या बैठकीतसुद्धा साळवे सर खुर्ची उलटी करून वाजवल्याशिवाय बसत नसत. सावेडीला मी फ्लॅट घेतला तेव्हा आम्ही हौसेनं जेवणाचं टेबल केलं होतं. सर वास्तुशांतीला आले आणि सवयीप्रमाणे खाली वाकून टेबलाच्या पोटाकडे पाहून आले. मी म्हटलं, "सागवान आहे." त्यांनी टेबलावरून एकदा हात फिरवला. "छान आहे," म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात टेबलाची फळी वाकून तिचा द्रोण झाला, तेव्हा मला कळलं, की ते सागवान नव्हतंच, त्यांना ते त्याच दिवशी कळलेलं होतं आणि माझ्या पाहुण्यांसमोर ते गप्प बसले होते. कुणी आपल्याला उघडं पाडलं तर राग धरता येतो. कुणी झाकलं तर काय करायचं?

पण खुर्च्या-टेबलांवरून काही मी जळत नव्हतो. मी जळत होतो ते घोडीच्या पिक्चरवरून.

त्याची हकिगत अशी. शाळेच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. कुणी विलायती पाद्री जाताना मागं ठेवून गेला होता. तीत एक प्रोजेक्टर आणि फिल्मचे काही डबे. बहुतेक डबे खतं, दात घासणं आणि येशूचं चरित्र. एक मात्र वेगळा पिक्चर होता. मुका, काळा-पांढरा, बोलपटांच्याही आधी विलायतेत काढलेला. त्या देशात घोड्यावरून वाटमाऱ्या करणारा एक नामांकित दरोडेखोर होऊन गेला, त्याच्या दंतकथेवरचा. तिकोनी टोपी, तोंडावर फडकं, कमरेला पिस्तुलं आणि बुडाखाली काळी घोडी. तो घोडागाड्या अडवतो, शिपाई त्याच्या मागं लागतात, आणि एकदा तो त्या घोडीवरून रातोरात दूरच्या शहराकडे दौडत सुटतो, एवढी गोष्ट. पाच रिळांचा पिक्चर, पण ट्रंकेत डबे चारच. पाचवा कुणी पाहिलेला नाही, असं सगळे म्हणत.

मुक्या पिक्चरमध्ये मधूनमधून इंग्रजी मजकुराच्या पाट्या येतात. साळवे सरांना इंग्रजी बेताचंच. पण प्रोजेक्टर दुरुस्त केला त्यांनी, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचा मानही त्यांचाच झाला. मी शाळेत यायच्या आधीपासून ते गावोगाव जाऊन हा पिक्चर दाखवत होते. खेळ कायम भरदुपारी. "संध्याकाळ झाली की लेकरं पेंगतात, अन् म्हाताऱ्यांना वाट दिसत नाही," म्हणायचे. शाळेचा हॉल असो, चर्च असो की सोसायटीचं गोदाम, खिडक्यांना साखर कारखान्याची गोणपाटं ठोकायची, दार लावून घ्यायचं, की झाला काळोख. आत घामाचा, तागाचा आणि गुळमट मळीचा असा एक वास कोंडायचा. तो वास आला की आमच्या भागातली माणसं अजूनही म्हणतात, घोडीच्या पिक्चरसारखा वास येतोय.

मी पहिला खेळ पाहिला तो पुणतांब्याला. वर्गात सर चारचौघांसारखं बोलत, पण पडद्याशेजारी उभे राहिले की त्यांच्या तोंडून गाव बोलायला लागायचं. पडद्यावर एक तरुणी दरोडेखोराचा हात धरून काकुळतीनं काही म्हणते. पाटी येते. पाटीवर लिहिलेलं असतं, की दैवानं आपली ताटातूट केली तरी माझा आत्मा तुझ्यापाशीच राहील. सरांनी पाटीकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "ती म्हनती, आरं जातूयास तर जा, पन दोन घास खाऊन जा. उपाशी मानसाचा नेम चुकतो."

"खरंय बाई," पुढची एक म्हातारी म्हणाली.

मी मागच्या भिंतीशी उभा होतो. माझं एम. ए. तिथंच भिंतीला टेकून उभं राहिलं.

घोडीचं नाव पाटीवर निराळंच होतं. सर तिला सारजा म्हणायचे. रस्त्यात एक टोलनाका येतो, म्हातारा पहारेकरी फाटक लावून घेतो. तिथं सर आवाज खाली आणायचे. "पुढं फाटक. मागं शिपाई. म्हातारा म्हनतोय, पावती फाडा. ह्यो म्हनतोय, आज सुट्टं न्हाई. सारजानं कान टवकारलं. आन् मग..." इथं ते थांबायचे. अख्खं गोदाम श्वास धरायचं. घोडी फाटकावरून उडायची, आणि ती पलीकडं टेकली की सर मांडीवर थाप मारायचे, "असं!"

हा त्यांचा शब्द. असं. नुसता एवढाच. पण लोक आधीच्या थांबण्यात तो ओठांवर घेऊन बसलेले असायचे, आणि सरांबरोबर शे-दीडशे माणसं मांडीवर थाप मारायची. आमच्या हमरस्त्यावर खराखुरा टोलनाका झाला त्या वर्षापासून तर ह्या जागी शिट्ट्याही पडायला लागल्या.

चौथं रीळ संपायचं तेव्हा घोडी धावतच असायची. मग एकदम पडदा पांढरा. तिथून पुढं सर नुसते बोलायचे. दर गावाला निराळा शेवट. पुणतांब्याला सारजा गोदावरीच्या पात्रात उतरून पाणी प्यायली. राहुरीला ती मुळा धरणाच्या भिंतीवरून चालत गेली. पाथर्डीकडच्या एका गावाला प्यायच्या पाण्याचीच मारामार, तिथं तिनं खुरानं माती उकरली आणि झरा लागला. मेली मात्र कुठंच नाही. शेवटी कुणी तरी विचारायचंच, "सर, आता कुठं हाय ती?"

"तुमच्याच शिवारात चरतीय. सकाळी बघा की."

आणि सकाळी पोरं खरोखर बांधाबांधानं खूर शोधत फिरायची.

मी हे दोन वर्षं सहन केलं. मग एका दिवाळीच्या सुट्टीत बसून सगळ्या पाट्यांचं मराठी भाषांतर केलं. चांगलं केलं होतं, आजही म्हणेन. शब्दाला शब्द जागेवर होता. फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून मी ते सरांना दिलं. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं, कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "लई मेहनत घेतली हो तुम्ही." पुढच्या खेळाला त्यांनी त्यातलं एक अक्षर वापरलं नाही. ती म्हणाली, दोन घास खाऊन जा.

पुढं एकदा सर तापानं पडले आणि वांबोरीचा खेळ ठरलेला होता. मी म्हटलं, मी जातो. मनात म्हटलं, आता ह्या लोकांना कळेल. मी घोडीला तिचं खरं नाव दिलं. आत्मा, दैव, ताटातूट, सगळं खणखणीत वाचलं. लोक शांत बसले होते. ती शांतता मला रंगलेल्या खेळाची वाटली. टोलनाक्याच्या जागी मी "आणि पाहा, ही विलक्षण झेप!" असं म्हणालो. कुणीतरी खोकलं. चौथं रीळ संपल्यावर मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "शेवटचा भाग उपलब्ध नाही."

कुणी उठेना. गोणपाटं काढली, उजेड आत आला, तरी माणसं बसूनच. त्यांना वाटलं, शेवट आणायला कुणी तरी गेलंय. बऱ्याच वेळानं एक आजी माझ्याजवळ आल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "असू दे, मास्तर. साळवे सर कवा येनार?" दुसरी म्हणाली, "आन् घोडी का बदलली वो? सारजा चांगली हुती की."

मी एस. टी.नं परत आलो. सरांनी अंथरुणातून विचारलं, "कसा झाला खेळ?" मी म्हटलं, "छान झाला." त्यांनी मान डोलावली. टेबलासारखंच हेही त्यांना कळलं असणार.

घरातही सुटका नव्हती. स्वाती, माझी मुलगी, आमच्याच शाळेत होती. नववीत असताना तिला निबंध आला, माझे आवडते शिक्षक. वडील त्याच शाळेत शिक्षक असताना ह्या निबंधात निवडीला वाव तो किती असावा? मराठीच्या बाई रजेवर होत्या, म्हणून वही तपासायला माझ्याकडेच आली. पहिलं वाक्य होतं, "आमचे साळवे सर कुठेही गेले तरी आधी खुर्ची उलटी करून पाहतात." निबंध उत्तम होता. मी शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या, दहापैकी सहा गुण दिले. आमच्या सौभाग्यवतींनी ते पाहिलं आणि त्या मला एवढंच म्हणाल्या, "अहो, पोरीचे कशाला कापता? त्यांचे कापून बघा कापता येतात का." रात्रीच्या भाकरीबरोबर मी ते गिळलं.

आता माझ्या हातून जे झालं त्याकडे येतो. सर निवृत्त व्हायच्या वर्षी शाळेची रंगरंगोटी निघाली. नकाशांचं जुनं लाकडी कपाट हलवायचं होतं. ते सरकवताना त्याच्या पाठीची एक फळी माझ्या हातात आली. फळीच्या मागं वीतभर पोकळी होती आणि तिच्यात कापडात गुंडाळलेला एक चपटा डबा. झाकणावर इंग्रजी पाच.

ते कपाट साळवे सरांनीच केलेलं होतं. ह्या माणसाची फळी आपोआप सुटत नसते, आणि फळीमागची पोकळी चुकून राहत नसते, हे मला तिथल्या तिथं सुचायला हवं होतं. पण हेवा करणाऱ्या माणसाला दिसतं फार आणि सुचतं कमी. रविवारी शाळा बंद असताना मी हॉलमध्ये एकट्यानं ते रीळ लावून पाहिलं. घोडी धावते. ओढा ओलांडते. शहराचे मनोरे लांब दिसायला लागतात, आणि ती गुडघ्यावर येते, कुशीवर पडते. दरोडेखोर टोपी काढून तिच्या मानेपाशी बसतो. घोडी मरते. एवढंच. खरं सांगतो, मला रडू आलं. आणि ते पुसतानाच मनात आलं, सापडलात. तुमची सारजा मेलेली आहे, साळवे सर. जन्मभर ह्या लोकांना तुम्ही फसवलंत.

त्यांच्या निरोप समारंभाला घोडीच्या पिक्चरचा शेवटचा खेळ ठेवला होता. गावागावांहून माणसं टेम्पो करून आली होती. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भाषणाला मी उभा राहिलो. चांगलं बोललो. शेवटी पिशवीतून डबा काढला आणि म्हणालो, "सरांनी आपल्याला अनेक शेवट दिले. आज मी सरांना ह्या गोष्टीचा खरा शेवट भेट देतो."

टाळ्या पडल्या. सरांनी डबा हातात घेतला. उलटा केला. बोटाच्या पेरानं बुडावर दोनदा वाजवला. माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि म्हणाले, "लावू या."

चार रिळं नेहमीसारखी झाली. फाटकाला तर भिंती हादरल्या. मग पाचवं लागलं. ओढ्यापर्यंत सर बोलत होते. घोडीचा वेग मंदावला तसा त्यांचा आवाजही मंदावला, आणि ती गुडघ्यावर आली तेव्हा ते पहिल्यांदाच गप्प झाले. नुसता प्रोजेक्टरचा करकर आवाज. घोडी कुशीवर पडली. कुणी बाई हुंदका देऊन रडायला लागली. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. मला हवं होतं तेच समोर घडत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. पुणतांब्याचे आण्णा, जन्मभर स्टेशनावर टांगा चालवलेले. काठी आपटून ओरडले, "सर, आडवी पडू दिऊ नगा तिला! पोट धरलंय तिचं! पडली तर गेली. उठवा, चालवा तिला!"

"व्हय, उठवा," दुसरा म्हणाला. "चालवा सर तिला!" घोडं पाळलेल्या माणसांना हे ठाऊक असतं. पोटशूळ झालेलं जनावर खाली बसू द्यायचं नाही, लगाम धरून फिरवत ठेवायचं. बघता बघता हॉलमधली निम्मी माणसं उभी राहिली. विलायतेत शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या घोडीवर उपचार सांगायला.

सर प्रोजेक्टरकडे गेले. "उठवतो ना, आण्णा," म्हणाले, आणि त्यांनी एक खटका उलटा फिरवला.

पडद्यावर घोडीची मान हलली. कूस सुटली. ती गुडघ्यावर आली, आणि उभी राहिली. दरोडेखोराच्या हातातली टोपी त्याच्या डोक्यावर जाऊन बसली, तो पाठमोरा तिच्यावर चढला, आणि सारजा उलट्या पावलांनी ओढ्यातून निघाली. उडालेलं पाणी पुन्हा ओढ्यात पडत होतं. हॉलमध्ये जो आवाज उठला तसा मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. त्यावर सरांचा आवाज चढला.

"उठली! मागं का निघाली ठावं हाय का? पुढं मरान हाय, ते तिला कळलं. जनावराला कळतं. मानसाला कळत न्हाई, ते पुढंच जातं. धन्यानं लगाम वढला, पन सारजा म्हनली, आता तू माझं ऐक. आली, आली, घराकडं आली. आन् मग..."

चारशे माणसांनी मांडीवर थाप मारली. मीही मारली. हात आपला आपण उठला.

माणसं गेल्यावर आम्ही दोघं वायरी गुंडाळत होतो. सरांनी सहज विचारलं, "रीळ कुठं सापडलं?"

"फळीवर. माळ्याच्या," मी म्हणालो.

"अस्सं. मी नकाशांच्या कपाटाच्या पाठीत ठेवलं हुतं."

ते आपले डबे पुसत होते. म्हणाले, पहिल्याच वर्षी बोर्डिंगातल्या मुलांना पाचही रिळं दाखवली होती. घरापासून लांब राहणारी लेकरं ती. घोडी मेली म्हणून दोन दिवस जेवली नाहीत. "तवा ठेवून दिलं. पन मशीन उलटं फिरतं, हे मला एवढ्या वर्षांत सुचलं न्हाई बघा. खटका हाताखालीच हुता. तुमी रीळ आनलं म्हनून झालं. लई उपकार झालं, सर."

हा टोमणा होता की खरंच आभार होते, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतो आहे. टोमणा असता तर फार बरं झालं असतं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. देवानं न्यायला नेमकं काय नेलं, बघा. मी भेटायला जायचो. बसायचो आणि बोलायचो, कारण आता मीच काय तो बोलू शकत होतो. एकदा खोलीत कुणी नसताना मी सांगून टाकलं, "सर, ते रीळ मी मुद्दाम आणलं होतं. तुमची फजिती व्हावी म्हणून." त्यांनी डाव्या हातानं उशाखाली चाचपलं आणि चार घड्यांचा एक कागद माझ्यापुढं धरला. माझं भाषांतर. घड्यांवर विरून जाळी झाली होती. इतकी वर्षं त्यांनी ते कशासाठी जपलं आणि किती वेळा वाचलं, हे विचारायची सोय उरली नव्हती. अर्ध्या तोंडानं हसले फक्त.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या नव्या मुलांनी हट्ट धरला, की आजोबा सांगतात तो पिक्चर आम्हाला दाखवा. प्रत्येकाच्या घरी मोबाईल, त्यात जगातले सगळे पिक्चर, तरी ह्यांना तोच पाहिजे. गोष्ट सांगायला मला बोलावलं. सरांना व्हीलचेअरवरून आणलं होतं, पण हॉलमध्ये त्यांना साध्या खुर्चीवर बसायचं होतं, तसं त्यांनी खुणेनं सांगितलं. मी एक खुर्ची घेतली, उलटी केली, चारही पाय वाजवले. एक हलत होता. ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. मग म्हणालो, "आता बसा सर. पडणार नाही."

गोणपाटं लागली. तो वास आला. माईक माझ्या हातात. ह्याच जागेवर उभं राहायची मी एवढी वर्षं वाट पाहिली होती. तरुणीनं दरोडेखोराचा हात धरला, पाटी आली, आत्मा आणि ताटातूट सगळं मला पाठ होतं. आणि मी म्हणालो, "ती म्हनती, दोन घास खाऊन जा. उपाशी मानसाचा नेम चुकतो." मुलं हसली. फाटकाला मी थांबलो, त्यांनी मांड्या बडवल्या. हा हॉल आज माझा होता. अर्धा तास मी साळवे सरांपेक्षा कमी नव्हतो, निदान मला तसं वाटलं.

पाचव्या रिळाला मी प्रोजेक्टरपाशी येऊन उभा राहिलो. घोडी पडली. मला त्या हॉलची शांतता दोन क्षण आणखी हवी होती, म्हणून मी खटक्याला हात लावला नाही. तेवढ्यात अंधारात, पुढच्या रांगेतून, एक डावा हात वर आला. पडद्याच्या उजेडात एक बोट दिसलं. ते बोट हवेत गोल फिरत होतं, उलटं.

मी खटका फिरवला. सारजा उठली. ओढ्यातलं पाणी ओढ्यात गेलं. मी सांगत होतो, माझा आवाज चांगला लागला होता, आणि मी म्हणालो, "आन् मग..." आणि थांबलो.

त्या थांबण्यात खुर्चीतून एक आवाज आला. चार वर्षांत त्या गळ्यातून शब्द निघालेला नव्हता. घोगरा, वाकडा, अर्धाच. "अ... सं!"

सगळा हॉल उठून उभा राहिला. मुलं खुर्चीकडे धावली, मोठी माणसं रडायला लागली, सरांची बायको त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारून बसली. माझ्या हातात माईक होता आणि माझ्याकडे कुणीही पाहत नव्हतं. मला आनंद झाला, हे मी स्मरणिकेत लिहिलं आहे आणि ते खोटं नाही. पण सरांना जाऊन आता सहा महिने झाले, आणि आता ते तरी का लपवू? मी अख्खा पिक्चर बोललो होतो. त्या माणसानं दीड अक्षर उच्चारलं, आणि खेळ पुन्हा त्यांचा झाला.

गर्दीतून त्यांनी मला शोधलं आणि डाव्या हातानं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर थोपटलं. मी गेलो. बसणार एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं आणि खुर्चीकडे बोट केलं. मी ती उलटी केली, पाय वाजवले. मग बसलो.